खालापूरच्या कचेरीबाहेरच्या टायपिस्ट शैलाताई

काल संध्याकाळी शिळफाट्याला शैलाताई वारल्या आणि आज आमच्या घरी आईनं गॅस पेटवला नाही.

रक्ताचं नातं काही नव्हतं.

शैलाताई खालापूरला तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली टाइपरायटर घेऊन बसायच्या. टायपिस्टांच्या त्या रांगेतली एकटी बाई.

वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा कॉलेजला. बाबा गेल्यावर जमीन आईच्या नावावर झाली होती, आणि गावातला एक एजंट, आईचा लांबचा भाऊ, घरी यायला लागला. शेतातून रस्ता जाणार आहे, फक्त संमतीपत्र द्यायचंय, असं तो म्हणाला.

आईला लिहितावाचता येत नाही. म्हणून मी सोबत गेले.

एजंटनं हातानं लिहिलेला मसुदा ताईंना दिला. त्यांनी तो टाइप केला. मी शेजारी बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होते.

खरं सांगते, मी तो कागद पाहिलासुद्धा नाही. मामाच तर आहे, असं वाटलं.

एजंटनं शाईचं पॅड पुढं केलं. आईनं त्यावर अंगठा टेकवलाही.

तेवढ्यात ताईंनी विचारलं, “मावशी, यात काय लिहिलंय ते ठाऊक हाय का?”

आई म्हणाली, रस्त्याचं.

“रस्त्याचं नाय. तुमची सगळी जमीन विकायचा हक्क तुमी यांना देताय.”

मी फोन बंद केला.

एजंट शांतपणे म्हणाला की तुमचं काम टाइप करायचं, तेवढं करा. आणि कागद ओढायला हात पुढं केला. ताईंनी रोलरवर तळवा ठेवला.

“बाईंना कळल्याशिवाय मी हा कागद मशीनवरून काढणार नाय.”

मग त्यांनी ओळ न् ओळ वाचून दाखवली. अवघड शब्द आला की तो आमच्या बोलीत सांगितला. आईनं सगळं ऐकलं, अंगठा पदराला पुसला आणि उठली.

“मी नाय देत.”

ताईंनी खालची कार्बन कॉपी काढून आईच्या हातात दिली. उद्या कुणी दुसरा कागद घेऊन आला तर ताडून बघायला.

ती जमीन आजही आईच्या नावावर आहे.

ताईंना मात्र ते महाग पडलं. एजंट लोकांनी त्यांच्याकडं कामं देणं बंद केलं. दोनदा त्यांचं टेबल उचलून रस्त्यावर ठेवलेलं सापडलं. त्या पुन्हा आत आणून बसायच्या.

मी माफी मागायला गेले तेव्हा त्यांच्या मशीनसमोर एकही गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, स्टूल सरकवलं आणि म्हणाल्या, “शिकलीयस ना? मग बस, बोटं ठेव.”

अशी मी टायपिंग शिकले. मराठी कीबोर्ड, अर्धी अक्षरं, वेलांट्या. चुकलं की पूर्ण पान परत!

शिकवताना त्या सांगायच्या. पूर्वी दस्त हातानं लिहायचे, आणि ते लिहिणाऱ्यालाच वाचता यायचे. मशीन आल्यावर चौथी शिकलेल्या माणसालाही अक्षर लागायला लागलं. कार्बनमुळं गरिबाच्या घरीही एक प्रत राहायला लागली. ताईंना स्वतःला कर्जतच्या टायपिंग क्लासला घालायला वडील तयार नव्हते. मुलगी ऑफिसात परक्या पुरुषांत बसणार, म्हणून. तरी त्या गेल्याच. त्या क्लासमधल्या मुलींच्या पगारावर पुढं किती घरं उभी राहिली, हे त्या अभिमानानं सांगायच्या.

हळूहळू वाड्यावस्त्यांवरची माणसं शोधत त्यांच्याकडं यायला लागली. वाचून दाखवणारी बाई कुठं बसते, असं विचारत. पुढं टाइपरायटर गेले, ताईंनी कॉम्प्युटर घेतला. सवय तीच राहिली.

त्यांना मूलबाळ नव्हतं. आज दुपारी पुतण्यानं मडकं धरलं. तिरडी उचलायच्या वेळी आम्ही चौघी पुढं झालो. एक कोर्टात, एक पंचायत समितीत, एक पतसंस्थेत आणि मी शाळेच्या ऑफिसात. चौघी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या.

कुणीतरी म्हणालं, बायका खांदा देत नाहीत.

पुतण्या म्हणाला, “त्यांचाच मान हाय.” आणि बाजूला झाला.

स्मशानापर्यंत आम्ही खांदा बदलला नाही.

शैलाताई, तुमच्या चारही मुलींचा शेवटचा नमस्कार.