पांढऱ्याची पारख

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, टीव्ही दुरुस्त करतात. तीस वर्षं झाली. नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि मी मेहुणी असल्यामुळे ती माशी होण्याचा मान माझ्याकडे आहे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सेटचे रंग अगदी खरे, अशी त्यांची ख्याती. रीत एकच. बातम्या लावायच्या आणि निवेदकाचा पांढरा शर्ट बघायचा. पांढरं साधलं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात, असं ते सांगत. ते चुकल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या घरात मात्र तोच जुना, मागे पोट सुटलेला सेट. आतलं सगळं त्यांनी दोन-दोनदा बदललेलं, मूळचं उरलं होतं ते खोकं. ताईने एचडी टीव्हीचं नाव काढलं की "याच्यापेक्षा खरं चित्र दाखव, आज घेतो," हे उत्तर तयार असायचं. यंदा ताई हटूनच बसली. चपलेचा अंगठा तुटला तरी शिवून वापरणारी ही बाई टीव्हीसाठी अडून बसते याचं मला नवल वाटलं. शेवटी मीच दोघांना दुकानात नेलं.

आत भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच बातम्या चालू होत्या. निवेदिका पांढऱ्या शर्टात होती. भावोजींनी हात मागे बांधून एक फेरी मारली आणि निकाल दिला.

"सगळे पिवळे मारतायत. रिमोट द्या."

विक्रेत्या मुलीने दिला. भावोजी रंगांच्या यादीत शिरले आणि एकेक आकडा वरखाली करू लागले. चार गिऱ्हाइकं जमली. प्रेक्षक मिळाले की भावोजींना चेव येतो.

"हं. याला म्हणतात पांढरं."

पडद्यावरची बाई थंडीने काकडल्यासारखी दिसत होती.

"काका, शर्ट निळा झालाय," मुलगी हळूच म्हणाली.

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी हे करतोय." ते ताईकडे वळले. "तू सांग गं हिला."

ताई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. मला काही राहवलं नाही.

"भावोजी, निळाच आहे. तुमच्या अंगातला शर्टसुद्धा निळा आहे."

"हा पांढरा आहे."

"आणला तेव्हा पांढराच होता," ताई म्हणाली. "तुम्हाला पिवळट दिसतो म्हणून दर धुण्याला नीळ वाढवतेय. दोन वर्षं झाली. घरातला टीव्हीही तुम्ही असाच निळा केलाय."

"आणि बोलली नाहीस?"

"तुमची सगळी भिस्त डोळ्यांवर. कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, इथे सगळे टीव्ही शेजारी शेजारी असतात, तुमचं तुम्हाला कळेल."

मला तिचा भयंकर राग आला. दोन वर्षं निळी माणसं बघितली आणि ब्र काढला नाही. पण भावोजींचा चेहरा बघितला आणि माझीही जीभ आवरली.

"आणि लोकांचे सेट?" त्यांनी विचारलं.

"दोघीतिघी म्हणाल्या होत्या मला. मी त्यांना सांगितलं, होईल सवय."

भावोजी तिथल्या स्टुलावर बसले. मग उठून रिमोट मुलीला परत दिला आणि नेहमीच्याच करड्या आवाजात म्हणाले, "टीव्ही नंतर. आधी माझा पार्ट बदलून घेतो."

मोतीबिंदू निघाला. महिनाभराच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची भिंगं बदलली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर भावोजी घरोघर फिरले. दारातच सांगत, "सेट चांगला आहे. दोष माझ्या डोळ्यात होता. रंग नीट करून देतो." मान खाली नाही, आवाज खाली नाही. मी एका घरी बरोबर होते. चिडवायला पाच-सहा वाक्यं तयार ठेवली होती, पण एकही बाहेर पडलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. एका आजोबांनी मात्र आम्हाला निळंच बरं वाटतं म्हणून त्यांना सेटला हात लावू दिला नाही.

त्यानंतर एचडी टीव्ही घरी आला. भावोजींनी तो स्वतः भिंतीवर बसवला, बातम्या लावल्या, रंग जुळवले आणि ताईला समोर बसवलं.

"कसं आहे?"

"छान आहे."

"छान नको. खरं सांग."

ताईने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि मग पडद्याकडे नीट निरखून बघितलं.

"हिरवा जरा जास्त वाटतोय."

भावोजींनी हिरवा एका आकड्याने खाली आणला.

"आता?"

"अजून," ताई म्हणाली.