बिनपतीची देवी

टेकडीखालच्या देवळात लज्जागौरीची लहानशी शिळा आहे. मस्तकाच्या जागी उमललेले कमळ, आणि गुडघे प्रसूतीच्या आसनात विलग केलेले. स्त्रीचा कामभाव आणि तिचे जननसामर्थ्य हेच जेव्हा दैवत होते, त्या काळाची ही खूण. पुढे इतर देवींना पती लाभले. हिच्याशेजारी मात्र कोणीच येऊन बसले नाही.

काल एक गरोदर सून शिळेच्या पोटाला लोणी माखत होती. देवीची ओटी भरून झाल्यावर ती कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याकडे वळली. सासूने तिचा हात धरला.

"अगं, बाईंचे यजमान गेलेत ना!"

मी सवयीने मागे सरले.

"मग हिला तरी कुठं नवरा आहे, आत्याबाई? हिला लावलंच की आपण!"

सासूने शिळेकडे पाहिले आणि हसू दाबले. "लाव बाई. तुझ्या तोंडाला कोण लागणार!"

लोणी लागलेल्या बोटांचे कुंकू कपाळाला गार लागले.

घरी येऊन मी आरशापुढे उभी राहिले. पुसून टाक म्हणणारे घरात कोणी नव्हते. शोभते म्हणणारेही कोणी नव्हते. तरीही मी ते राहू दिले.