तिसऱ्या पायरीवरचा चेहरा

बॅग भरत होतो तेव्हा बायको म्हणाली, "दोन दिवस मौन? अहो, ते तर तुम्ही घरीच पाळता. त्यासाठी शहर सोडून होसकोट्याच्या पलीकडे कशाला जायचं?"

मी टॉवेलाची घडी करून आत ठेवली. तिच्या बोलण्याला उत्तर द्यायचं असतं, हे माझ्या लक्षातच येत नसे.

शिबिर बौद्ध ध्यानाचं होतं, मनात मैत्री, करुणा कशी रुजवायची याचं. निलगिरीच्या झाडांत एक लांबट कौलारू खोली. पहाटे धुकं खिडकीतून सरळ आत येई आणि शाली पांघरून बसलेली माणसं त्यात हळूहळू विरघळत. फोन जमा. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंही नाही. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. माझ्या घुमेपणाला पहिल्यांदाच कुणी साधना म्हणत होतं.

शिकवणाऱ्या बाई वयस्कर, मुंडण केलेल्या. त्यांनी मैत्रीभावनेच्या पायऱ्या सांगितल्या. आधी स्वतःचं सुख चिंतायचं. मग आवडत्या कुणाचं. तिसरी पायरी अशा माणसाची, ज्याच्यावर आपलं प्रेम नाही, रागही नाही, रोज दिसतो एवढंच. चौथीवर, ज्याच्याशी आपलं जमत नाही तो. शेवटी सगळे. "गेलेलं कुणी घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या पायरीला वॉचमन घ्या, दूधवाला घ्या."

आवडत्याच्या जागी आमचा कुत्रा आला. तो गेल्या वर्षी गेला. नियम मोडून मी त्यालाच ठेवलं.

तिसरीसाठी आमच्या बसवनगुडीच्या गल्लीतली फुलवाली ठरवून ठेवली होती. डोळे मिटले. गल्ली आली, कोवळं ऊन आलं, शेवंतीची टोपली आली. टोपलीमागे बायको बसली होती.

तिला बाजूला सारून मी वॉचमनला आणलं. तर गेटापाशी त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत तीच, मांडीवर हात ठेवून, रस्त्याकडे बघत. मी आत चाचपून पाहिलं. माया सापडेना, राग सापडेना. बिल्डिंगची लिफ्ट आठवावी, तसं.

आता लिहूनच टाकतो. मी तिला कधी टाकून बोललो नाही, दुसरीकडे कुठे गुंतलो नाही. नातेवाईक मला चांगला नवरा म्हणतात आणि मी ते निमूट ऐकून घेतो. फक्त मधेच कधीतरी ती मला दिसेनाशी झाली. ते मला कळलं होतं. कळूनही मी काही केलं नाही, कारण तसं राहणं सोयीचं होतं.

दुपारी बाईंपाशी एकेकट्याने जाऊन बोलायची मुभा असे. मी म्हणालो, "तिसऱ्या पायरीवर माझी बायको येते."

"काय करत होती?"

"बसली होती. कुणाची तरी वाट बघत असावी."

"कुणाची?"

"ठाऊक नाही."

"सरी, ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग बदलू नका. तिलाच बघत राहा."

संध्याकाळी चालत ध्यान करायचं होतं. पाऊल उचल, पुढे ने, टेकव. झाडांच्या सालींचे लांब पापुद्रे जमिनीवर पडलेले. बायको माझ्या चार पावलं पुढे चालत होती. काहीतरी गुणगुणत होती. चाल ओळखीची, शब्द येईनात. साडीचा रंगही कळेना. मी पाऊल लांब टाकलं की ती तेवढीच पुढे सरके. झाडं संपली तरी ती चालतच होती, आणि आता ती वळून बघणार नाही, असं वाटलं.

रविवारी घरी आलो, तर ती कॉफी गाळत होती. "काय, बोलायची परवानगी मिळाली का?"

स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून मी सगळं सांगितलं. पायऱ्या, टोपली, खुर्ची, झाडांतलं चालणं.

"म्हणजे मी फुलवालीच्या जागी."

"हो."

"आणि आवडत्या जागी कोण?"

खोटं बोलता आलं असतं. "आपला कुत्रा."

"अय्यो!" ती हसायला लागली, हसता हसता ओट्याला धरलं. "त्याला भरवायचे मी हो! तुम्ही नुसती त्याची मान खाजवत बसायचात."

मग तिचं हसणं थांबलं. "मी गेले असते ना त्या शिबिराला, तर तुम्ही चौथ्या पायरीवर आला असतात."

"अजूनही?"

तिने गाळलेली कॉफी पेल्यात ओतली आणि तिथेच घोट घेतला. तिची कॉफी ती नेहमी ओट्यापाशी उभ्यानेच पिते. ती असं पिते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"झाडांत मी चालत होते म्हणालात," ती म्हणाली. "साडी कुठली नेसले होते?"

"रंग दिसला नाही."

तिने पेला उचलला, टेबलापाशी आली, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"मग आता बघा."