लेकीच्या गावी लॉजवर

व्हिएन्नात मी इतकी वर्षं राहते, पण या शहरातल्या हॉटेलात एकदाच राहिले. घर ट्रामनं अर्ध्या तासावर, नवरा घरात, फ्रिजमध्ये निवडून ठेवलेली भाजी, आणि मी मात्र बॅग भरून शहराच्या मधोमध एका जुन्या हॉटेलात राहायला गेले. कारण माझे वडील.

बाबा दिघोरी गावचे. धानाची शेती, दोन म्हशी आणि एक हट्ट एवढी त्यांची मालमत्ता. तिकीट काढू का म्हणून मी वर्षानुवर्षं विचारत होते, आणि एका उन्हाळ्यात, धानाच्या बांध्या, म्हणजे शेतातले वाफे, रिकाम्या असताना, ते एकदम हो म्हणाले. आई येणार नव्हती. "इमानात बसाले लावशीन तं मी तिथंच उतरतो म्हनन," असं तिनं आधीच जाहीर केलं होतं. मी आनंदानं पाहुण्यांच्या खोलीचे पडदे बदलले, नवी गादी आणली. मग बाबांचा फोन आला.

"येतो, पन लॉजवर राहीन. भाडं माहं."

मी फोन कानापासून लांब धरून एक शिवी हासडली आणि परत कानाला लावला.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी जेवत नाही. पाणीसुद्धा घेत नाही. तिला लेकरू झालं की मग चालतं, कारण मग ते घर नातवाचं होतं, आणि नातवाच्या घरी आजा हक्कानं मांडी घालून बसू शकतो. तोवर ते घर जावयाचं. आता हे कोण पाळतं? गावातले बाकीचे बाप लेकींकडे जाऊन चहा पितात, मटण खातात आणि निघताना डबाही घेऊन येतात. बाबांनी मात्र धरून ठेवलं. माझी मोठी बहीण तालुक्याच्या गावी दिलेली. तिच्याकडे ते जायचे, ओसरीवर बसायचे, बोलायचे आणि तहानलेले परत यायचे. तिला मुलगा झाला तेव्हा बारशाच्या पंगतीत पहिल्यांदा जेवले. त्या दिवशी बहिणीचा चेहरा मी पाहिला होता. तसा चेहरा आपलाही एक दिवस व्हावा, असं मला फार वाटायचं.

पण आम्हाला मूल होणार नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, रडूनही झालं. आम्ही दोघांनी ते एका हिवाळ्यात मिटवून टाकलं आणि बरेचसे सुखी आहोत. आईला मी सांगितलं होतं. बाबांना ती सांगेल असं मी धरून चालले, आणि मी सांगेन असं तिनं. त्यामुळे बाबा अजून वाट पाहत होते, आणि ते वाट पाहत होते तोवर माझ्या घरचं पाणी त्यांना चालणार नव्हतं. म्हणजे कधीच नाही. त्या आठवड्यात मला एकच गोष्ट हवी होती: बाबांनी माझ्या टेबलाशी बसून एकदा जेवावं. राजवाडे, संग्रहालयं सगळं गेलं खड्ड्यात.

हॉटेल मीच शोधलं. फार महाग नाही, अगदी स्वस्तही नाही. तीन पिढ्या एकाच कुटुंबाकडे असलेलं. जिन्यावर लाल गालिचा, मधोमध पायांनी झिजलेला. खोलीच्या किल्लीला पितळेचा असा गोळा, की ती खिशात घालून कोणी पळून जाऊ नये. लाकडी दाराची, जाळीची लिफ्ट. पिसांच्या रजया दुमडून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या. बाबांना एकटं कसं सोडायचं? म्हणून मीही त्याच खोलीत, दुसऱ्या पलंगावर. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. नागपूरचा आहे, त्याला यातलं सगळं कळतं, पण घरी भाजी करून कोणासाठी ठेवायची हे मात्र कळेना.

बाबांना ते हॉटेल मनापासून आवडलं. पहाटे उठून ते स्वतःचा पलंग आवरत, रजईची घडी पुन्हा तशीच घालत, बेसिन पुसून काढत. खोली साफ करणारी मुलगी दार उघडून बघायची आणि आपण चुकीच्या खोलीत आलो की काय म्हणून नंबर तपासायची.

"बाबा, तिचं काम आहे ते."

"असन. पन दुसऱ्याच्या घरी आपला पसारा ठेवाचा का?"

नाश्ता खाली, मागच्या चौकाला काचेचं छत घालून केलेल्या खोलीत. तो भाड्यात धरलेला, म्हणून बाबांना चालत होता. तिथली व्यवस्था पाहणारी बाई मालकांच्याच घरातली, पन्नाशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेले, एप्रनला इस्त्री. ती प्रत्येक टेबलाशी थांबून काय हवं ते विचारायची. बाबा प्रत्येक गोष्टीला म्हणायचे, "लय बेस." उकडलेलं अंडं कपात उभं करून आणलं, लय बेस. काळा, आंबट, विटेसारखा पाव, लय बेस. थंडगार चीज तोंडात घालून त्यांनी डोळे मिटले, कसंबसं गिळलं, आणि तरीही, लय बेस.

मी संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, की बाबा सगळ्याची तारीफ करताहेत.

"करतीनच. लोकाच्या घरी तुह्या बाबाले सगळं गोड लागते," आई म्हणाली. "माह्या हातच्या भाताले नावं ठेवल्याबिगर एक दिस गेला का? गच्चच झाला, मोकळाच झाला, मीठच नाही. सारी जिंदगी आयकून राहिली मी."

ते खरं होतं. बहिणीकडेसुद्धा, नातवाच्या घरी, ते पाहुण्यासारखे बसतात आणि वाढलेलं सगळं वाखाणतात. नावं ठेवायची ती फक्त आमच्या घरच्या भाताला. धान पिकवणारा माणूस, त्याला भातातलं कळतं, आणि आई हे सगळ्यांना सांगत सुटते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घर दाखवायला नेलं. लेकीकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून त्यांनी गावाहून आणलेली चिन्नोर तांदळाची पिशवी खांद्यावर मारली होती. देणं चालतं, घेणं चालत नाही. पाण्याची बाटली हॉटेलातून भरून घेतलेली. त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, खिडक्या उघडून बघितल्या, गॅलरीतल्या माझ्या कोथिंबिरीची माती बोटानं खणून ओल तपासली. नवऱ्यानं सवयीनं चहा केला आणि ट्रे घेऊन आला, मग आठवण होऊन तसाच उभा राहिला. बाबा आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि त्यांनी जावयाच्या पाठीवर प्रेमानं हात ठेवला. चहावर साय धरली. मी तो बेसिनमध्ये ओतला आणि नळ जरा जास्तच जोरात सोडला.

मग लिफ्टची गंमत झाली. मी आंघोळीला गेले होते आणि बाबा एकटेच नाश्त्याला निघाले. जिना चांगला होता, पण त्यांना ती जाळीची लिफ्ट चालवायची हौस. ती दोन मजल्यांच्या मधे अडकली. मी केस पुसत बाहेर आले तर खालून बाबांचा आवाज. धावत गेले. जाळीच्या आत बाबा, आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर ती नाश्त्याची बाई, इस्त्रीच्या एप्रनसकट खाली बसलेली. जाळीतून तिनं हात आत घातला होता आणि बाबांनी तो धरला होता. ती जर्मनमध्ये बोलत होती आणि बाबा आमच्या गावाकडच्या झाडीबोलीत तिला आमच्या म्हशीबद्दल सांगत होते. ती म्हैस एकदा तलावाच्या गाळात अशीच रुतली होती म्हणे. दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत दोघांचं असंच चाललं. बाहेर आल्यावर बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटी झाली तू माही," ते म्हणाले. मी भाषांतर केलं. त्या बाईचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नाश्त्याच्या खोलीत आले, टेबलाशी बसले आणि ताट उपडं केलं.

"काहून? पोट बिघडलं का?"

"नाही. लेकीच्या घरचं कसं खाऊ?"

मला कळायला वेळ लागला. मग कळलं आणि मी कपाळावर हात मारला. "बाबा, भाड्यात धरलंय ते! तुम्ही पैसे दिलेत!"

"लेक मनलं ना मी तिले? डोक्शावर हात ठेवला ना? मंग?"

ती बाई आली. उपडं ताट पाहून तिचा चेहरा पडला. काल इतकं प्रेम आणि आज खाणं बंद? काही चुकलं का? दुसरं काही बनवू का? मी तिला सगळं सांगितलं: लेक, बाप, पाणी, लेकरू. सांगता सांगता माझा आवाज कोरडा पडत गेला. ती कान देऊन ऐकत होती. मग तिचा चेहरा उजळला.

"पण मला मुलगा आहे! कॉलेजात आहे!"

ती फोनमधला फोटो घेऊन आली. उंच, तांबड्या दाढीचा पोरगा. बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, हसले. "झालं मंग! नातवाचं घर झालं." त्यांनी ताट सुलटं केलं, दोन अंडी घेतली, काळा पाव घेतला. ती बाई कृतकृत्य होऊन त्यांच्यासाठी कॉफी ओतत होती.

आणि माझं डोकं सटकलं.

"वा, बाबा! हिच्या हातचं चालते. कालपरवा भेटलेली ही. आन मी? माह्या घरचं पानी तुमी कधी प्यानार आहा?"

"तुले झालं की—"

"मले होनार नाही." मी मोठ्यानंच बोलले. "मले लेकरू होनार नाही, बाबा. कधीच नाही. आईले मालूम आहे, तुमालेच कोनी सांगतलं नाही. आता वाट पाहू नोका. म्हनजे मी मरेपर्यंत तुमी माह्या घरून उपाशीच जानार का?"

आमची भाषा त्या खोलीत कोणालाच येत नव्हती, तरी सगळ्यांचे चमचे थांबले. त्या बाईनं कॉफीची किटली छातीशी धरली. बाबांच्या हातात अर्धं सोललेलं अंडं होतं. ते त्यांनी हळूच कपात ठेवलं आणि उठून जिन्यानं वर गेले.

तो दिवस वाईट गेला. आम्ही बागेत एका बाकावर बसलो, चेस्टनटची पांढरी फुलं अंगावर पडत होती, आणि बाबा समोरच्या वाटेकडे बघत होते. माझ्याकडे बघत नव्हते. मी बोलले ते खरं होतं, पण ज्या पद्धतीनं बोलले तिची लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा रागही येत होता. एकदाच त्यांनी तोंड उघडलं.

"लय तरास झाला का तुले?"

"झाला."

"मले काहून सांगतलं नाही?"

 त्यांनी माझ्या खांद्यावरची फुलं एकेक करून झटकली. नंतर हॉटेलवर येऊन त्यांनी आईला फोन लावला. मी बाहेर लाल गालिच्यावर उभी राहिले. आतून बराच वेळ फक्त "हो" आणि "हं" ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तयार होते. नाश्त्याच्या खोलीपाशी थांबून त्यांनी त्या बाईला हात जोडले, पोटावर हात ठेवून आज नको अशी खूण केली आणि मला म्हणाले, "चाल. तुह्या घरी जाऊ."

ट्राममध्ये मी विचारलं नाही. विचारलं आणि ते नुसतंच बसायला निघाले असले तर? त्यांच्या हातात पाण्याची बाटली नाही, हे मात्र मी पाहिलं होतं.

दारात त्यांनी वहाणा काढल्या. आत येऊन जेवणाच्या टेबलाशी, नवरा बसतो त्या खुर्चीत बसले.

"भूक लागली," ते म्हणाले. "काय रांधते?"

माझी जी धांदल उडाली! त्यांचाच चिन्नोर धुतला, डाळ लावली, वांगी चिरताना बोट कापून घेतलं. नवरा मागं मागं फिरत होता आणि मी त्याला ओरडत होते. तांदळाचा वास घरभर सुटला तशी मी दिघोरीच्या चुलीपाशी असल्यासारखी झाले आणि पाणी किती घातलं तेच विसरले. नवऱ्यानं पेला भरून पुढं ठेवला. बाबांनी तो उचलला आणि एका दमात रिकामा केला. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

मग ताट वाढलं. भात, त्यावर डाळ, बाजूला वांगी. बाबांनी भात कालवला, घास घेतला, चावला. दुसरा घेतला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता "लय बेस" म्हणतील, मला वाटलं. तेवढंही पुरे होतं.

"भात गच्च झाला," बाबा म्हणाले. "चिन्नोर आहे हा. एवढं पानी कायले टाकलं? आन मीठ कुठं आहे?"

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. माझ्या मात्र डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याच वेळी हसूही आवरेना. पदर नव्हता, म्हणून मी बाहीनंच डोळे पुसले.

"मंग नोको का वाढू?"

"वाढ," बाबा म्हणाले, आणि ताट पुढं केलं.