गंजक्या पाइपवरचे स्टोल

"हिरडा कुणी भिजवला?" मॅडमनी विचारलं. टेबलावर ऑर्डरचे सगळे स्टोल पसरले होते.

"मी," मी म्हणाले.

"मग बघ काय केलंस ते."

सागाच्या पानांचा लालसर जांभळा ठसा यायला हवा होता. आला होता काळपट, पोतेऱ्यासारखा. महाबळेश्वरच्या एका हॉटेलच्या दुकानासाठीचा हा माल होता आणि त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी बघायला येणार होता.

माझं घर जतकडे. मेंढरं आणि थोडी ज्वारी. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे मोठ्यांसमोर बोलायची सवय नाही. मॅडमच्या विश्रामबागमधल्या या कापड रंगवायच्या युनिटमध्ये मी कॉलेजची वेळ सांभाळून काम करते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत भिजवायचं, म्हणजे ते रंग धरतं. त्यावर सागाची कोवळी पानं मांडायची, बांबूवर घट्ट गुंडाळायचं, सुतळीनं बांधून वाफेवर ठेवायचं. पान शिरांसकट कापडावर उतरतं. ते उलगडताना बघायला मिळावं म्हणून मी तिथं टिकून आहे.

"उद्यापासून पॅकिंगला बस. रंगखोलीत नको," मॅडम म्हणाल्या.

सर, म्हणजे त्यांचे मिस्टर, मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले की गावाकडच्या मुलींना प्रमाण कळत नाही. माझे कान तापले. मी स्टोलकडे बघत राहिले.

तेव्हा दिसलं. प्रत्येक स्टोल एका टोकाला काळाकुट्ट होता आणि दुसऱ्या टोकाकडे लाल होत गेला होता. हिरडा जास्त झाला असता तर सगळं कापड सारखंच बिघडलं असतं. हे काळं आतून, ज्यावर कापड गुंडाळलं होतं त्या बाजूनं आलं होतं.

मागे, वाफ देतो तिथं, जाऊन बघितलं. बांबू कोरडेच होते. शेजारी बोअरचे जुने, गंजके पाइपचे तुकडे पडले होते. ओले. त्यांना सुतळी चिकटलेली. हिरड्याला लोखंड लागलं की काळा रंग होतो.

आमच्याबरोबर काम करणाऱ्या सुमनमावशी हळूच म्हणाल्या, "तू कालिजला गेलीस, मग सायबांनीच गुंडाळलं त्यावर. मी न्हाई बोलायची बाई, मला काम पायजे."

म्हणजे कापड पाइपवर गुंडाळलेलं सरांना माहीत होतं. मी पाइप उचलून आणला आणि टेबलावर स्टोलशेजारी ठेवला.

"बांबू चिरले होते," सर म्हणाले. "पाइपनं काय होतंय?"

मॅडमनी पाइपकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि झालं ते झालं म्हणाल्या. पॅकिंगचं मात्र तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलचा माणूस आला. त्याला काळ्याकडून लालकडे जाणारा रंग फार आवडला. असं कुठं बघितलं नाही, म्हणाला.

"आमचा खास प्रयोग आहे," सर म्हणाले.

मी खोका हातात घेऊन उभी होते. तशीच बोलले. "सर, काल ही माझी चूक होती. आज तुमचा प्रयोग असेल, तर मी पॅकिंगला का बसलेय?"

मग मॅडम खाली बघून म्हणाल्या, "जा, हिरडा भिजव."

माफी कुणी मागितली नाही. ते गंजके पाइप आता कपाटात जपून ठेवलेत. मी एवढंच शिकले, की कापड काळं पडलं तर ते कशावर गुंडाळलं होतं हे आधी विचारावं. कुणी भिजवलं, हे मागाहून.