एका कार्डावर दोघंच

आमच्या संसाराची दहा-एक वर्षं केनियातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत गेली. नवरा तिथं केमिस्ट होता. इंदापूर-बारामतीकडची पुष्कळ माणसं अशी आफ्रिकेत साखर करायला गेलेली आहेत. इथल्या कारखान्यात काही हंगाम काढले की तिकडं गेलेला कुणीतरी ओळखीचा बोलावून घेतो. हे असेच गेले, पाठोपाठ मी गेले. मोठी मुलगी तेव्हा मांडीवर होती. धाकटा तिकडंच जन्मला.

वर्षातून एकदा, एप्रिलात, आम्ही निरवांगीला सासरी यायचो. नैरोबीहून निघायचं, आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरायचं, तिथं अर्धा दिवस काढायचा, मग मुंबई, आणि मुंबईहून मोटारीनं घर. परत जाताना हेच उलटं. तो अर्धा दिवस फार जड जायचा. पोरं पेंगायची, सांडायची, भांडायची. खुर्च्यांचे हात असे मध्ये आलेले की पोराला आडवं करायची सोय नाही.

कारखाना यांना मशिनरीच्या सुट्या भागांसाठी सारखा इकडं-तिकडं पाठवायचा. त्या फेऱ्या मोजून विमान कंपनीनं एक वर्षी यांना चंदेरी कार्ड दिलं. त्या कार्डावर लाउंजमध्ये बसता येतं, खायला-प्यायला असतं, आंघोळीचीसुद्धा सोय असते, असं यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. पोरं विमानात बसल्यापासून तेच विचारत होती.

काउंटरवरच्या बाईनं कार्ड बघितलं, आम्हा चौघांकडं बघितलं आणि सांगितलं, कार्डवाला आणि त्याच्याबरोबर एक पाहुणा. यांनी विचारलं, मुलं लहान आहेत, ती कशी मोजायची? ती म्हणाली, दोन वर्षांपुढचं मूल म्हणजे पाहुणाच. जादा माणसाला पैसे पडतील. तो आकडा ऐकून मीच मागं सरले.

“तुमी जावा एकेकाला घिऊन,” मी म्हणाले. “मी बसते हितं.”

“आणि तू?”

“मला कुठं आंघोळ करायचीय परक्या ठिकाणी.”

बाई चांगली होती. एक बाहेर आलं की दुसऱ्याला आत न्या, म्हणाली. तशी आमची पद्धतच पडली. हे आधी मोठीला घेऊन आत जायचे, धाकटा माझ्यापाशी. तासाभरानं ती बाहेर यायची, ओल्या केसांना साबणाचा वास, बापानं पाडलेला वाकडा भांग. मग धाकटा आत. काचेच्या दारासमोर एक बाक होता, शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ आणि पलीकडं नमाजाची खोली. त्या बाकावर मी किती वर्षं बसले.

पहिल्या वर्षी मला थोडं वाईट वाटलं होतं. मग लक्षात आलं, की घरी ही दोन्ही पोरं मला कधी वेगवेगळी मिळतच नव्हती. एक बोलायला लागलं की दुसरं मध्ये तोंड घालणार. एकाला जवळ घेतलं की दुसरं लगेच येऊन ढकलणार. त्या बाकावर मात्र एका वेळी एकच असायचं. हाताला काम नाही, गॅसवर दूध नाही, दार वाजवणारं कुणी नाही. धाकट्यानं एकदा निरवांगीच्या कुत्र्याची गोष्ट सांगायला घेतली ती संपेचना. कुत्रं रानात कुठं झोपतं, त्याला पेरू कसे आवडतात, आपण गेल्यावर ते रात्री कुणाची वाट बघत असेल. घरी मी त्याला इतकं कधी बोलूच दिलं नव्हतं. मोठीची मी तिथं वेणी घालायची. पाठ माझ्याकडं असली की ती मोकळं बोलायची.

ती अकरा वर्षांची होती त्या वर्षीची गोष्ट. सुट्टी संपवून आम्ही परत निघालो होतो. त्या सुट्टीत ती चुलतबहिणीबरोबर, म्हणजे ताईबरोबर, निकालाच्या दिवशी ताईच्या बारामतीच्या शाळेत जाऊन आली होती, आणि आल्यापासून गप्प होती. विमानतळावर ती बापाबरोबर आत गेली, बाहेर आली, धाकटा आत गेला. मी कंगवा काढला.

“आई, मला निरवांगीला राहायचंय.”

“सुट्टी संपली की बाळा.”

“सुट्टीत न्हाय. शाळेला.”

गावी महिनाभर राहिली की तिच्या तोंडात ‘हाय’ आणि ‘न्हाय’ बसायचं, ते कॉलनीत गेल्यावर आठवड्यात उतरायचं. मी वेणी घालत राहिले आणि विचारलं, तिथं असं काय आहे?

“तिथनं कुणी सोडून जात न्हाय,” ती म्हणाली. “कॉलनीत सगळे जायलाच आलेले असतात. मी मैत्रीण केली की तिच्या पप्पांचं काँट्रॅक्ट संपतं. ताई पहिलीपासनं त्याच पोरींबरोबर भांडते.”

मला हसू आलं, मग आठवलं. तिच्या दोन मैत्रिणी त्याच वर्षी गेल्या होत्या, एक सोलापूरकडं, एक लखनौला. मी तेव्हा तिला नवी बाहुली आणून दिली होती. मी म्हणाले, बघू. वेणीला रबर लावलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

कॉलनीत पोचल्यावर मी यांना सांगितलं. मनाशी मी बरंच जुळवून ठेवलं होतं, हे काय म्हणतील, मग मी काय म्हणेन. पण हे एवढंच म्हणाले, “बरं. जावा तुमी तिघं. मी करंन हितलं.”

इतक्या लगेच. थोडं तरी नको म्हणतील असं वाटलं होतं मला. ते मी बोलून दाखवलं नाही, पण पुष्कळ दिवस मनात होतं.

पुढच्या जूनला आम्ही शाळेसाठी बारामतीत दोन खोल्या घेतल्या. सासरे, म्हणजे तात्या, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन निरवांगीत पेरूची बाग करत होते. ते दर आठवड्याला एसटीनं यायचे, पिशवीत पेरू, मेथी, शेवग्याच्या शेंगा. “नात आली आन मला बारामतीला यायला कारण झालं,” म्हणायचे. मुक्कामी असले आणि रात्री केनियाहून यांचा फोन आला की आधी तेच घ्यायचे, हवापाणी, साखरेचा उतारा सगळं विचारून झालं की “जय भीम” म्हणून फोन माझ्याकडं द्यायचे.

हे आता वर्षातून तीन-चारदा यायला लागले. त्या फेऱ्यांनी यांचं कार्ड सोनेरी झालं. सोनेरी कार्डावर सगळ्या कुटुंबाला आत नेता येतं. ही बातमी यांनी लाउंजमधूनच फोनवर सांगितली.

“मग? काय करताय?” मी विचारलं.

“काय करणार. बसलोय एकटाच.”

धाकटा दर वेळी फोन ओढून घ्यायचा आणि आत आज काय-काय खायला आहे ते एकेक विचारायचा. हे उठून ताटं बघत फिरायचे आणि त्याला सगळं वाचून दाखवायचे.

पुढं हे कायमचे परत आले. कार्डावर साठलेले माइल्स, म्हणजे फुकट तिकिटाचे गुण, वापरले नाहीत तर जातील असं कळलं, तेव्हा धाकटा म्हणाला, मी जन्मलो ती कॉलनी मला बघायचीय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं निघालो. मोठी आता कॉलेजात आहे, धाकटा बापाच्या खांद्याला लागलाय. तेच विमानतळ. काउंटरवर दुसरी बाई होती. तिनं कार्ड लावलं आणि आम्हा चौघांना एकदम आत सोडलं.

लाउंज मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जाड गालिचा, मंद दिवे, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी सूप घेतलं, मऊ खुर्चीत पाय वर घेऊन बसले. खरंच फार आराम होता. दोन्ही पोरं आपापल्या फोनमध्ये होती. आम्ही चौघं एकत्र, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला त्या बाहेरच्या तासांची इतकी आठवण झाली की मी बोलायलाच लागले. कुत्र्याची गोष्ट सांगितली. धाकट्यानं मान वर केली, “तेवढा वेळ तू ऐकत होतीस?”

मग मोठीला म्हणाले, निरवांगीला राहायचंय हे तू मला बाहेर बसूनच सांगितलंस.

“मी? मला वाटायचं तुमचंच ठरलं होतं,” ती म्हणाली. तिला आठवत नव्हतं. तिला आठवत होता माझा हात, केस ओढणारा.

हे कधीचे कप हातात घेऊन ऐकत होते. म्हणाले, “आधी मला सांगितलं तिनं. हितंच. ताटातलं काही खाईना, म्हणून विचारलं. म्हणली, आई हो म्हणंल, पण तुमी एकटं पडाल.”

“मग?”

“मग काय. मी म्हणलं, माझं मी बघतो, तू जाऊन आईला सांग.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या दिवशीचं सगळं माझ्याच बाकावर घडलं. दाराच्या आत यांच्या वाट्यालाही दर वर्षी एकेक पोर येत होतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

“तरी तुमी फार पटकन बरं म्हणालात,” मी म्हणाले.

“पटकन कुठं? त्या रात्री आख्खं विमान झोपलं होतं आन मी एकटा जागा होतो. तुला सांगायला तू उठतेस का बघत.”

मोठीनं फोन पालथा ठेवला आणि बापाला विचारलं, “अजून काय-काय सांगायचो आम्ही तुम्हाला?” हे आठवायला लागले. धाकट्याचं एक, तिची दोन. त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. मधूनच धाकट्यानं विचारलं, कॉलनीतलं आपलं घर अजून असेल का?

“असंल की,” हे म्हणाले. “दुसरं कुणीतरी राहत असंल.”

आमच्या विमानाची सूचना झाली तेव्हा यांची गोष्ट अर्धीच होती. ती चालता-चालता पुढं सुरू राहिली.