दाखला देऊ नका

निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ले, आणि त्यातले बरेचसे विसरूनही गेलो. पण ठाण्याच्या फोनवर आलेले एक वाक्य काही केल्या विसरत नाही. 'त्या पोरीला दाखला देऊ नका, सायेब.'

तेव्हा मी परभणी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पेडगावच्या बाजूच्या एका गावातली मुलगी वैमानिक झाली होती. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली, असे त्या धंद्यात नसते, हे मला तिच्यामुळे कळले. परवाना घेऊन ती बरेच दिवस घरी बसून होती. शेवटी एका मोठ्या विमान कंपनीने परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी अशा सगळ्या चाळण्या लावून तिची निवड केली. राहिली होती फक्त पोलीस पडताळणी. त्या पडताळणीशिवाय विमानतळाच्या आत जायचा पास मिळत नाही आणि पास नाही तर नोकरीही नाही.

अशा अर्जात पोलिसांचे काम साधे असते. गुन्ह्यांच्या नोंदी पाहायच्या, गावातल्या दोघा-चौघांना विचारायचे आणि चारित्र्याच्या दाखल्यासाठी अहवाल पाठवायचा. पण त्या अहवालात एक ओळ वाकडी गेली, तर मुलीचे इतक्या वर्षांचे कष्ट पाण्यात जाणार होते.

नेमका तेव्हाच तो फोन आला. ठाणे अंमलदाराने घेतला. मुलीवर मारामारीची केस आहे, दाखला करू नका, असे बोलणाऱ्याने सांगितले आणि नाव विचारताच फोन ठेवला. फोन निनावी असला तरी चौकशी करावीच लागते. स्टेशन डायरीला नोंद झाली आणि प्रकरण माझ्या टेबलावर आले.

नोंदी तपासल्या. मुलीवर गुन्हा सोडाच, साधी तक्रारसुद्धा नव्हती. म्हणजे कोणाच्या तरी पोटात दुखत होते. माझे डोके तापले. गावातली एक पोर वर चालली की तिचे पाय ओढणारे हात कुठून उगवतात, देव जाणे.

बीट हवालदाराने घरची माहिती आणली. मुलीची आई ती लहान असतानाच वारली. वडिलांनी दुसरे लग्न करून दुसरीकडे संसार थाटला. मुलगी मामाकडे वाढली. मामा-मामीला मूलबाळ नव्हते. मामाचे शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून जुने भांडण होते. झाले, माझा संशय तिथेच जाऊन बसला. त्या शेजाऱ्याला ठाण्यात बोलावले आणि जरा आवाज चढवूनच विचारले.

तो माझ्यापेक्षा जास्त चिडला. "आमचं भांडन बांधाचं हाय, सायेब. पोरीनं काय केलंय? ती विमान चालवनार म्हनून चौकात फ्लेक्स कोनी लावलाय, जाऊन बघा की!"

हवालदाराने खाली मान घालून सांगितले, फ्लेक्स खरेच यानेच लावला आहे. त्यावर याचा स्वतःचा फोटो मुलीच्या फोटोपेक्षा मोठा होता, ती गोष्ट वेगळी. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मग मी ठाणे अंमलदाराला पुन्हा बसवले आणि फोनवरचे बोलणे शब्दाला शब्द आठवायला सांगितले. तो जुना माणूस होता. थोडा विचार करून म्हणाला, "साहेब, एक बोलणं मी डायरीत घेतलं नाही. फोन ठेवता ठेवता तो म्हणला, पोरीला ठाण्यात बोलवू नका, तिला लोकांत मान खाली घालायला लागंल."

मी खुर्चीत सावरून बसलो. ज्याला कोणाचे वाईट करायचे असते, तो समोरच्याला आधी ठाण्यात ओढायला सांगतो. त्यासाठीच तर तो आमच्याकडे येतो. इथे बदनामी करणाऱ्यालाच मुलीच्या अब्रूची काळजी होती. हा वैरी नव्हता.

फोन आला तो नंबर परभणीच्या बसस्टँडजवळच्या एका हॉटेलवाल्याचा निघाला. त्याला विचारले. "धोतरवाला मानूस व्हता, सायेब," तो म्हणाला. "मोबाइल बंद पडलाय म्हनून माझा मागून घेतला. बोलताना रुमालानं डोळे पुसायलता. मला वाटलं कोनी गेलं-बिलं असंल, म्हनून मी काई इचारलं न्हाई."

घरची माहिती आणताना हवालदाराने मामाला पाहिले होते; हे वर्णन ऐकून तो माझ्याकडे पाहतच राहिला.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मामाच्या घरी गेलो. पडताळणीचे साहेब आले म्हणून त्याची धावपळ उडाली. मामीने चहा ठेवला. मामा समोर बसला, पण नजर काही वर उचलेना. मी सरळच विचारले, "हॉटेलवाल्याचा फोन घेऊन तुम्हीच बोललात ना?"

त्याने एकदा आतल्या दाराकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "व्हय. मीच."

"का हो? स्वतःच्या हाताने पोरीचा घात करायला निघालात?"

"घात न्हाई, सायेब," तो म्हणाला. "तायीनं जाताना पोर माझ्या ओटीत घातली. ती आता आभाळात जानार. वर काई झालं तर मी तायीला काय सांगू? झोप लागंना झाली मला."

"मग तिलाच सांगायचं, जाऊ नको म्हणून."

"मी कसं सांगू? बापानं सांगितलं तर चालतंय. मी न्हाई म्हनलं की गाव म्हनंल, सोताची असती तर अडवली असती का? बहिनीची हाय म्हनून मागं वढायलाय. म्हनून मी तिला आजवर कशालाच न्हाई म्हनलो न्हाई. तुमी म्हना की न्हाई. सरकारी न्हाईला कोन काय बोलनार?"

आम्ही नकार दिला की मुलगी परभणीत एखादी साधी नोकरी धरेल आणि कोणाचाच दोष राहणार नाही, असा त्याचा भाबडा हिशेब होता. असला शेरा माणसाची आयुष्यभर पाठ सोडत नाही, हे त्याच्या गावीही नव्हते. ते सांगितले तेव्हा तो दोन्ही हातांनी डोके धरून बसला.

"तिला काई सांगू नका, सायेब," एवढेच म्हणत राहिला.

सांगायची गरज पडली नाही. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती ओरडेल, रडेल, असे मला वाटले. तिने ट्रे खाली ठेवला आणि मामासमोर जमिनीवर बसली.

"मामीच्या भाच्यानं मोटारसायकल मागितली तर किती भांडलास त्याच्याशी," ती म्हणाली. "मला मातर मागंल ते देत आलास. कधी रागावला न्हाईस, कधी अडवलं न्हाईस. मला काय वाटायचं माहीत हाय का, मामा? मला वाटायचं, मी हितं पाहुनी हाय."

मामाने मान वर केली.

"सायबाला कशाला मधी घातलंस? माझ्या तोंडावर म्हन."

मग तो माणूस कसाबसा म्हणाला, "नको जाऊ, माय."

मुलीने त्याच्या गुडघ्यावर डोके ठेवले आणि मग मात्र ती रडली. रडता रडताच म्हणाली, "जानार मी. पन तू न्हाई म्हनलास, लय बरं वाटलं बघ."

आतून मामीचा आवाज आला, "सुटले एकदाचे. किती दिवसांपासून नुसतं कूस बदलायलेत." तिच्याही आवाजात पाणी होते. मी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

मी निघण्यापूर्वी मुलीने मामाला समजावले की विमानात शेजारी दुसरा वैमानिक असतो, एकट्याच्या हाती कधीच देत नाहीत. त्याला ते कितपत पटले कोण जाणे. उतरल्याबरोबर फोन करायचा, एवढे वचन मात्र त्याने घेतलेच.

खोटी माहिती दिल्याबद्दल मी मामावर कारवाई करू शकलो असतो; केली नाही. डायरीत लिहिले: फोन करणाऱ्याचा शोध लागला, माहितीत तथ्य नाही, समज देऊन सोडले. 'हरकत नाही' असा अहवाल त्याच दिवशी पाठवला. मुलगी नोकरीवर रुजू झाली.

नकार देणाऱ्याला आपण सहज कठोर ठरवतो. मीही तसाच होतो. पण नकार द्यायलासुद्धा माणसावर हक्क वाटावा लागतो, आणि असा हक्क कोणी आपल्यावर सांगावा म्हणून एखादी पोर वर्षानुवर्षे वाट पाहत असते, हे मला या प्रकरणाने शिकवले.

पुढे एकदा मामाचा मला फोन आला. गावच्या जत्रेला रजा काढून ये, असे त्याने तिला बजावले होते आणि तिने ड्यूटी आहे म्हणून साफ नकार दिला होता. दोघांचे फोनवर कडाक्याचे भांडण झाले होते. तो तावातावाने सगळे सांगत होता, आणि इतका आनंदी माणूस मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

मी थट्टेने विचारले, "मग काय, तक्रार नोंदवून घेऊ का?"

"घ्या की, सायेब," तो म्हणाला. "लिहा, माझी पोरगी माझं ऐकत न्हाई."